इंग्रजी न येणाऱ्या हेडसरांचं मार्गदर्शन

दहावीचा चौथा तास अर्ध्यावर आला होता. मी फळ्यावर तक्ता काढत होतो, तेवढ्यात देशमुख सर मागच्या दाराने आत आले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पोरं उठायला लागली, तसं त्यांनी हातानेच बसा म्हणून सांगितलं. त्यांच्याजवळ लॉगबुक नव्हतं. एक आखलेला कागद होता आणि कानावर पेन्सिल.

लॉगबुक म्हणजे हेडमास्तरांनी शिक्षकाचा तास बघून शेरा लिहायची वही. नव्या शिक्षकाला दोन वर्षं प्रोबेशन असतं, म्हणजे नोकरी असते पण पक्की नसते. ती पक्की करताना संस्थेचे लोक ही वही मागवतात. माझं दुसरं वर्ष चालू होतं. त्यामुळे हेडसर मागे बसले की माझा आवाज आपोआप चढायचा.

त्या दिवशी मात्र मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. देशमुख सर निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. गणित शिकवायचे आणि झकास शिकवायचे. इंग्रजी त्यांना सहीपुरती यायची, आणि हे ते कुणालाही बिनदिक्कत सांगायचे. मी इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेला. फ्लॅशकार्ड, गुंडाळी फळा, इंग्रजीच्या शिक्षकांसाठीचं जाडजूड हँडबुक, सगळं सायकलच्या कॅरिअरला बांधून मी परभणीजवळच्या पोखर्णीच्या पुढच्या एका गावात रुजू झालो होतो. हे मला काय मार्गदर्शन करणार, असंच माझ्या मनात होतं.

तास मात्र फक्कड झाला. फळ्यावर सब्स्टिट्यूशन टेबल होतं. नाव मोठं असलं तरी प्रकार साधा आहे. वाक्याचे तुकडे रकान्यांत लिहायचे. पोरांनी प्रत्येक रकान्यातला एकेक तुकडा उचलून वाक्य बोलायचं. मी प्रश्न विचारत गेलो, पोरं फटाफट वाक्यं बोलत गेली. हँडबुकात लिहिल्यासारखा तास चालला होता. घंटा झाल्यावर हेडसर निघून गेले, आणि मधल्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला.

ऑफिसात गेलो तर तोच कागद टेबलावर होता. त्यावर बाकांच्या रांगांप्रमाणे चौकोन आखलेले. काही चौकोनांत पेन्सिलीचे ठिपके होते, काही कोरे.

"हे काय आहे, सर?"

"तुमचा तास," हेडसर म्हणाले. "एक चौकोन म्हणजे एक पोरगं. तुमी इचारलं की एक ठिपका. हा बघा आमचा विलास. सात ठिपके हायत."

विलास त्यांचा सख्खा पुतण्या, पहिल्या बाकावर बसणारा.

"सर, तो हुशार आहे. उत्तर देतो."

"देतोच की. म्हणून तर तुमचा तास चांगला दिसला. आता ह्ये कोरे चौकोन बघा. भिंतीकडल्या बाजूचे. नऊ हायत. त्यांची नावं वाचा जरा."

"सर, माफ करा," मी म्हणालो, "पण तुम्हाला इंग्रजी..."

"येत न्हाई. म्हणून तर दिसलं. येत असतं तर मी बी तुमची वाक्यं ऐकत बसलो असतो. वाचा नावं."

मी वाचायला लागलो. सुजाता भालेराव. मग तिच्या शेजारची. मग तिच्या मागचे दोघं. चौथ्या नावाला माझ्या लक्षात आलं. नऊच्या नऊ पोरं आमच्या वस्तीतली होती. आमच्या म्हणजे बौद्ध वस्तीतली. मीही बौद्धच आहे.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून पेटलेल्या नामांतराच्या दंगलीला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. त्या गावात काही जळलं नव्हतं, पण लोक एकमेकांशी जपून बोलायचे. शाळेत आमच्यातला शिक्षक मी एकटा. रुजू झालो त्याच दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं होतं की, हा आपल्या लोकांकडे जास्त बघतो असं कुणाच्या तोंडून यायला नको. मी वस्तीत चहालासुद्धा जात नसे. वर्गात त्या बाजूला नजर गेली की लगेच दुसरीकडे वळवायचो. यालाच मी सगळ्यांना सारखं वागवणं म्हणत होतो.

आणि सुजाताची आई जूनमध्ये मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाली होती, "सर, हिच्या थोरल्या दोघी बहिणी इंग्रजीत गेल्या, मंग घरीच बसल्या. हिचा बाप म्हणतोय, ही बी गेली तर हिला बी खुरपं देऊ. आता तुमी आपले हाव. तुमच्यावर भरवसा हाय." मी हो म्हणालो होतो. कुणी बघत तर नाही ना, हे पाहून म्हणालो होतो.

हे सगळं मी हेडसरांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "सर, लोक बोलतील."

हेडसरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "भीती तुमची, आन् गप बसायचं पोरांनी? असं कसं चालंल, खंदारे सर?"

मी कोरे चौकोन पुन्हा मोजले.

"कोण काय बोलतंय त्याला माझ्याकडं धाडा. ही खुर्ची कशाला हाय मंग? तुमी फकस्त इचारत चला."

लॉगबुकात ते काय लिहिणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न मी सुजाताला विचारला. ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मी प्रश्न परत विचारला. फळ्यावर तक्ता होता, त्यातलं बघून बोललं तरी चाललं असतं. ती बोलली नाही. पुढच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मी तिला खाली बसवलं आणि सवयीने विलासकडे वळलो.

सुट्टीत तिला व्हरांड्यात थांबवलं. "येत होतं ना तुला?"

"येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग एका दमात म्हणाली, "सर, नववीपासून तुमी मला एकदा बी उठवलं न्हाई. आमच्यातल्या कुणालाच न्हाई. बाकीच्यांचं सोडा, पर तुमी तर आमाला वळखता. मंग मला वाटलं, आमाला येणारच न्हाई हे तुमाला ठावं आसंल."

मी बी.एड.ला वर्गव्यवस्थापनाच्या पेपरात पहिला आलो होतो. ते सगळं तिथे व्हरांड्यात मातीमोल झालं. "चुकलं माझं," मी म्हणालो. शिक्षकाने असं म्हणायचं नसतं, हेही आम्हाला बी.एड.लाच शिकवलं होतं.

चुकलं म्हटल्याने पोरं बोलायला लागत नाहीत. पंधरा दिवस मी रोज भिंतीकडच्या बाजूला विचारत होतो आणि रोज तेच व्हायचं. पोरं उभी राहायची, खाली बघायची, बसायची. तास रखडायला लागला. विलासची मंडळी जांभया द्यायला लागली. परीक्षा मार्चमध्ये होती आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. मी हँडबुक पालथं घातलं. न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं करावं याबद्दल त्यात एक सबंध प्रकरण होतं. शिक्षकाने स्वतःच त्याला वर्ष-दीड वर्ष गप्प बसवलं असेल तर काय करावं, याबद्दल मात्र ओळसुद्धा नव्हती.

हेडसर दर आठवड्याला येऊन बसत होते. एका शुक्रवारी मी वैतागून, खरं तर थोड्या खोडसाळपणानेच, त्यांनाच प्रश्न विचारला. "हेडसर, व्हेअर आर यू गोइंग टुमॉरो?"

देशमुख सर पोरांसारखे बाकातून उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. "आय..." म्हणाले, मग "पिंगळी" म्हणाले, आणि अडकले. दर शनिवारी ते पिंगळीला लेकीकडे जात, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

"पुढचं येत न्हाई मला," त्यांनी मराठीत सांगून टाकलं. "कोण सांगल?"

विलासचा हात वर गेला.

"तू घरचा हायस, तू बस. सुजाता, तू सांग गं."

सुजाता उठली. आधी माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे बघून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आय ॲम गोइंग टु पिंगळी टुमॉरो."

हेडसरांनी तिच्या मागून म्हणून बघितलं आणि मधला एक शब्द गाळला. तिने परत म्हटलं. त्यांनी पुन्हा तोच गाळला. तिसऱ्या वेळी ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "सर, नीट ऐका की." सगळा वर्ग खदखदून हसला, आणि हसला तो हेडसरांना. तेही हसले, चौथ्या वेळी वाक्य पुरं केलं आणि थँक्यू म्हणून बसले. त्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांना खरंच येत नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक विद्यार्थी वाढला. हेडसर आले की मी त्यांना प्रश्न विचारायचा, त्यांनी चुकायचं आणि भिंतीकडच्या पोरांनी दुरुस्त करायचं. हेडसरच चुकतात म्हटल्यावर चुकायची लाज कुणाला उरली नाही. नाताळपर्यंत त्या बाजूची पोरं न विचारता बोलायला लागली होती. काही चुकीचं बोलायची, पण बोलायची. मी रोज घरी जाऊन आठवून ठिपके काढायचो. कोरा चौकोन राहिला तर दुसऱ्या दिवशी सुरुवात तिथूनच.

मला ज्याची धास्ती होती तेही झालं. जानेवारीत विलासचे वडील, म्हणजे हेडसरांचे धाकटे भाऊ, ऑफिसात आले. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. मधल्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

"दादा, ते सर हल्ली त्यांच्याच लोकांकडं लय बघायलेत म्हणं."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. "ह्यो कालचा कागद. ह्यो तुझा विलास. किती ठिपके हायत?"

"तीन."

"आन् ही भालेरावाची पोरगी?"

"दोन."

"मंग? तुझ्या पोराला आजून बी एक जास्तीच हाय. तकरार त्या लोकांनी करायला पाहिजे. चहा घेतोस का?"

चहा न घेताच ते गेले. मी लाल पेन हातात धरून तसाच बसून राहिलो. डोळे भरून आले होते. आपल्या बाजूने कुणी बोलेल, तेही आपण समोर नसताना आणि स्वतःच्या भावाला, असं मला त्या गावात कधी वाटलं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले ते पुष्कळ वर्षांनी, आणि तेव्हा त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता.

जूनमध्ये निकाल आला. वस्तीतल्या नऊपैकी सहा जण इंग्रजीत पास झाले. सुजाताला शंभरात एक्केचाळीस मिळाले. माझी नोकरीही पक्की झाली. निकालाच्या दिवशी सुजाताची आई शाळेत आली. मी पुढे झालो, पण ती मला ओलांडून सरळ ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हेडसर, पोरगी परभणीला कॉलेजात जायाची म्हणायलीय. तिचा बाप हो म्हणला."

"चांगलं झालं की, बाई."

"ती म्हणती, तिनं तुमाला इंग्रजी शिकवली."

"शिकवली," हेडसर म्हणाले. "पर मी लय कच्चा राह्यलो."

पुढे मी स्वतः तालुक्यातल्या नव्या इंग्रजी शिक्षकांना मार्गदर्शन करू लागलो. कुणाला चांगलं हँडबुक हवं असतं, कुणाला कॅसेटी, कुणाला तक्ते. तेही मी देतो. पण सगळ्यात उपयोगाचं साधन विचारलं तर सांगतो की, मागच्या बाकावर एक इंग्रजी न येणारा माणूस बसवा आणि तो काय सांगतो ते ऐका. शिक्षक हसतात. त्यांचंही बरोबर आहे. इंग्रजी न येणारे हेडमास्तर हवे तेवढे मिळतात. 'मला येत नाही' असं भर वर्गात उभं राहून सांगणारा मी एकच पाहिला.