स्टेजकडे पाठ

माझ्या मामाला हसताना कुणी पाहिलेलं नाही. दाढ ठणकत असल्यासारखा चेहरा घेऊन त्यानं आयुष्यभर लोकांना हसवण्याचा धंदा केला. म्हणजे हसवायचे दुसरेच, हा दौरे लावायचा. स्टँडअप करणाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरायचं, हॉल ठरवायचे, जाहिराती, तिकिटं, गाड्या, हॉटेलं, वर कलाकारांचे रुसवेफुगवे. लहानपणी मी विंगेत ‘मामा, मामा’ करत त्याच्या मागे पळायचे, त्यामुळे सगळा धंदाच त्याला मामा म्हणायला लागला. बाबांना ते आयतंच सापडलं. स्टेजवरून सांगायचे, ‘लोकांना मामा बनवणारे आयोजक पुष्कळ आहेत. आमचा प्रामाणिक, तो आधीच मामा बनून येतो.’

बाबा हे मामाचे पहिले कलाकार आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आईचा नवरा. ते वजनकाटे तपासणाऱ्या ऑफिसात कारकून होते. कुणी रिटायर झालं की निरोपाचं भाषण त्यांच्याकडे यायचं, आणि ज्याला निरोप द्यायचा तो रडायचं विसरून पोट धरून हसायचा. अशाच एका समारंभाला मामा खुर्च्या घेऊन आला होता. खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या दुकानात तो हमाली करायचा. समारंभ संपला की त्या परत न्यायच्या म्हणून भिंतीला टेकून थांबला होता, भाषणाकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की पुढचे लोक हसतायत, मधे एक रांग रिकामी आहे आणि तिच्या मागचे नुसते बघत बसलेत. कुणाला न विचारता त्यानं मधल्या खुर्च्या उचलल्या आणि मागच्यांना पुढे सरकवलं. मग सगळी खोली हसली. ‘हसू रिकामी खुर्ची ओलांडत नाही,’ एवढंच त्याचं शिक्षण. बाकीचं सगळं त्यानं त्याच्यावर उभं केलं.

पहिल्या जाहीर कार्यक्रमात मात्र तो तोंडावर पडला. हॉल अर्धाच भरला, म्हणून त्यानं दुकानातले हमाल मधोमध बसवले आणि मोठ्यांदा हसायला सांगितलं. बाबांनी दुसऱ्याच विनोदाला ओळखलं. कार्यक्रम कसाबसा उरकून त्यांनी मामाला विंगेत गाठलं.

‘काय मेहुणे, ती माणसं कुणी बसवली?’

‘हॉल थंड होता, भावोजी.’

‘थंड तर थंड. खुर्ची भाड्याची चालेल मला. हसू भाड्याचं आणलंस तर मी परत जाऊन ऑफिसात बसेन. खोटं हसू मला झोपेतपण कळतं.’

मामानं कान पकडले. पुन्हा त्यानं असा एकही माणूस बसवला नाही.

बाकी मात्र काय काय केलं त्यानं! तिकिटं कमी गेली की मागचा अर्धा हॉल पडदा लावून बंद करायचा. कडेला बसलेल्या जोडप्यांना स्वतः विनंती करून मधे आणायचा. एसी मुद्दाम वाढवायचा, कारण गारठलेली माणसं चिकटून बसतात आणि चिकटून बसलेली लवकर हसतात. नवे विनोद आधी लहान गावांत घासूनपुसून घ्यायचे आणि मगच मोठ्या शहरात न्यायचे, हे त्याचंच डोकं. आणि कार्यक्रम सुरू झाला की हा स्टेजच्या पायऱ्यांशी अंधारात उभा राहायचा, स्टेजकडे पाठ करून. त्याला बघायचे असायचे ते समोरचे चेहरे. कुठली रांग कधी थकली, कुणाचं लक्ष उडालं, कुठला विनोद उद्या काढून टाकायचा, सगळं तो चेहऱ्यांवरून सांगायचा आणि ते शंभर टक्के बरोबर निघायचं. कलाकार काय हातवारे करतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. उभ्या जन्मात त्यानं बाबांचा एकही कार्यक्रम बघितला नाही.

हळूहळू हमालाचा शेट झाला. तीन खोल्यांचं ऑफिस, सारखे खणखणणारे फोन, भिंतीवर दौऱ्यांचे नकाशे. नवी मुलं त्याच्या दारात तासन्तास बसायची, कारण मामानं दौरा लावला म्हणजे तुम्ही चाललात. हॉलचे मॅनेजर त्याला बघून खुर्चीतून उठायचे आणि हा सवयीनं त्यांची खुर्ची नीट सरळ करून ठेवायचा.

सगळ्यांत मोठं पोस्टर अजून बाबांचंच होतं. त्यांची एक गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली होती. पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी ते अगदी अदबीनं विचारायचे, ‘तुम्ही कुठून आलात?’ तो काहीतरी सांगायचा. मग बाबा थांबायचे. बोलायचे नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. हॉल हसून हसून बेजार व्हायचा.

मग ते थांबणं लांबायला लागलं.

एका सकाळी आई त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि तिला म्हणाले, ‘तुम्ही कुठून आलात?’

‘माहेरून आले ती इथंच अडकले,’ आई म्हणाली. आम्ही दोघी खूप हसलो. बाबा हसले नाहीत. कलाकाराच्या घरातलं हेच दुखणं, खरं कुठलं आणि तालीम कुठली ते कळत नाही. आम्ही ते हसण्यावारी नेलं. पुढे एकदा त्यांनी आईला तेच विचारलं आणि ती जवळ गेली तेव्हा ते दचकून मागे सरकले. सगळ्या संसारात तिला ‘अगं’ म्हणणारा माणूस तिला ‘अहो’ म्हणत होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, असं त्यांनी सांगितलं आणि औषधाची चिठ्ठी हातात ठेवली.

दौरा जाहीर झालेला होता. आई मला घेऊन मामाच्या ऑफिसात गेली.

‘दौरा थांबव,’ ती म्हणाली.

‘ताई, डॉक्टर काहीही बोलतात गं. परवा हॉल अक्षरशः फुटला. भावोजी इतके रंगात कधीच नव्हते. ते थांबतात ना, लोकांची नुसती मुरकुंडी वळते.’

‘ते थांबत नाहीत रे. त्यांना पुढचं आठवत नाही.’

‘मी चेहरे बघतो ताई. चेहरे वाचताना मी कधी चुकलोय?’

‘कुणाचे चेहरे?’ आईनं विचारलं. ‘ह्यांचा बघितलास कधी?’

मामा टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे करत राहिला. ‘एवढा एक दौरा होऊ दे,’ म्हणाला. त्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोलले. तिकिटांसाठी तू माझ्या बापाला विकतोस, इथपर्यंत गेले. तो ऐकून घेत होता. आज मला वाटतं, तो घाबरला होता. जोवर हॉल हसतोय तोवर भावोजी धडधाकट आहेत, असा त्याचा हिशेब होता. त्याला दुसरं मोजमाप येतच नव्हतं.

दौऱ्याच्या दुसऱ्याच गावात दुपारचा खेळ होता. आई आणि मी विंगेत उभ्या होतो. बाबांनी पहिला विनोद सांगितला. लोक हसले. मग त्यांनी तोच विनोद शब्दन्‌शब्द पुन्हा सांगितला. लोकांना वाटलं ही नवी गंमत आहे, ते दुप्पट हसले. तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या. मग बाबा थांबले. त्यांचा हात माइकच्या दांड्यावर वरखाली फिरायला लागला, तोंड उघडं राहिलं, आणि हॉल हसतच राहिला. मला त्या हॉलचा इतका राग कधी आला नव्हता. पायऱ्यांशी मामा उभा होता, आमच्याकडे पाठ, समोरच्या खूश चेहऱ्यांवर खूश.

आई पायऱ्या उतरून गेली. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला गर्रकन फिरवलं.

मामानं बाबांना पाहिलं. वर दिव्यांच्या झोतात एक म्हातारा माणूस भेदरून उभा होता. आपण कुठं आहोत हे त्याला माहीत नव्हतं. हसण्याची लाट आली की तो ओशाळं हसायचा, कारण ही सगळी माणसं हसतायत त्या अर्थी आपलं काहीतरी बरोबर चाललंय, एवढंच त्याला उमजत होतं. हॉल हसवायच्या शंभर युक्त्या त्याच्याकडे होत्या. हसणारा हॉल थांबवायची मात्र एकच ठाऊक होती. तो धावत भिंतीकडे गेला आणि त्यानं हॉलचे सगळे दिवे लावले. उजेडात माणसं हसायला लाजतात, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

क्षणभर सगळं शांत झालं. मामा स्टेजवर चढला आणि बाबांसमोर जाऊन उभा राहिला. बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं,

‘तुम्ही कुठून आलात?’

हॉल कोसळला. लोक उभे राहिले, शिट्ट्या मारायला लागले.

‘घरून आलोय, भावोजी,’ मामा म्हणाला. ‘चला, घरी जाऊ.’ त्याच्या आवाजाला कंप सुटला होता. लोकांना तोही अभिनय वाटला. त्या टाळ्यांतून त्यानं बाबांना हाताला धरून विंगेत आणलं, आणि आईनं पदर तोंडात कोंबला.

कुणीतरी केलेलं त्याचं चित्रण पुढे फोनाफोनांवर फिरलं. ‘आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम’ असं त्याखाली लिहिलेलं होतं. दौऱ्यांसाठी इतके फोन आले की मामानं फोनच बंद करून टाकला. थोड्याच दिवसांत त्यानं ऑफिसही दुसऱ्याला देऊन टाकलं.

आता तो रोज दुपारी आमच्याकडे येतो. बाबांसमोर खुर्ची टाकून बसतो, तोंड त्यांच्याकडे करून. बाबा अर्धवट आठवणारे विनोद सांगतात आणि मधेच थांबून वाट बघतात. हसू आलं नाही की कासावीस होतात, उठून माइक शोधायला लागतात. आई हसायचा प्रयत्न करते आणि रडते. म्हणून मामा हसतो. आयुष्यभर न हसलेला माणूस. काहीतरी अडकलेलं खाकरून काढावं तसं त्याचं ते हसू, मला ऐकवत नाही.

परवा बाबांनी असंच काहीतरी सांगितलं आणि मामा हसला. बाबा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग आईकडे झुकून, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

‘अहो, हा माणूस भाड्याचा आहे. बसवलेला आहे. आमच्या मेहुण्याला सांगा, म्हणावं असली माणसं आणू नकोस. तो ऐकतो माझं.’

मामाच उठला.

‘सांगतो त्यांना,’ तो म्हणाला. मग त्यानं आपली खुर्ची उचलली, आवाज न करता मिटली, आणि बाबांसमोर रिकामी राहू नये म्हणून बाहेर घेऊन गेला.