सोडलेल्या दोन सऱ्या

बायोटेक्नॉलॉजी शिकून मी राजुरीला परत आले, तेव्हा गावाने एकाच प्रश्नाने मला भंडावून सोडलं, "म्हंजे आता करणार काय?" भावकीतल्या एका काकाने तर विचारलं, "दोन तोंडाची कोंबडी काढणार का गं?" सगळे खदाखदा हसले. तो माणूस रस्त्यात दिसला तर मी अजून मान वळवते.

बाजारात खपेल असं काहीतरी शोधा, असं पुण्यात सर सांगायचे. वर्गातल्या पोरांच्या कल्पनांना टाळ्या पडायच्या. त्यातली एकही आमच्याकडे कुणी फुकटसुद्धा घेतली नसती. मीही काही कमी नव्हते. डोंगरातल्या तळेघरच्या हिरड्याचा अर्क, शेवाळाच्या गोळ्या, नाचणीचं आंबवलेलं पेय, वहीभर खरडून ठेवलं होतं. एसटी बदलत तळेघरला गेलेसुद्धा. तिथं हिरडा वाळवत बसलेल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन ह्ये घेणार कोण?" मला तिचा भयंकर राग आला, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आमच्याच रानात होतं. टोमॅटोला मर लागायची. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकायचं. ही मर जमिनीतल्या बुरशीमुळे होते, आणि त्या बुरशीला खाणारी दुसरी बुरशी असते. ती उकडलेल्या ज्वारीवर वाढवायची, वाळवून पुडी करायची आणि शेणखतात मिसळून झाडाच्या बुडाशी घालायची. हे खपणार म्हणजे खपणारच! आईचा कुकर मी बळकावला. घरात डाळ पातेल्यात शिजू लागली आणि आईची बोलणी मी रोज खाल्ली.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दरवर्षी मर लागणारा तुकडाच मला दिला. मी सगळीकडे पुडी घातली, फक्त कडेच्या दोन सऱ्या सोडल्या. "यांना काहीच घालायचं नाही. या वाळल्या तरच लोकांना फरक दिसेल," मी बजावलं. आप्पा म्हणाले, "बरं."

तोडणीच्या वेळी लोक बघायला आले. अवसरी बुद्रुकचेही चार जण होते. बांधापलीकडचा शेजाऱ्याचा टोमॅटो वाळून गेला होता आणि आमचा लगडलेला. खतं-औषधं विकणारा दुकानदार म्हणाला, "ताई, जेवढ्या पुड्या कराल तेवढ्या माझ्याकडं टाका." कोंबडीवाला काकाही म्हणाला, "लई भारी काम केलं राव पोरीनं."

माझं लक्ष कडेला गेलं. त्या दोन सऱ्याही तशाच लगडल्या होत्या.

मी आप्पांना बाजूला ओढलं. "काय घातलं इथं?"

"बुरशी मारायच्या औषधाची आळवणी केली, पंपानं बुडाबुडाशी सोडलं. एकदाच. समद्या रानाला."

"सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"उभं पीक मरताना बघत बसू व्हय? आन तुझी पुडी चालली नसती तर? हसली असती लोकं तुला."

म्हणजे गाव हसलं ते हसलं, घरातही माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता! ते औषध आपली बुरशी, परकी बुरशी ओळखत नाही. रोगाबरोबर माझीही मेली असणार. आप्पांनी माझं कोपर घट्ट धरलं. "गप ऱ्हा. पुड्या घेत्यात तर घेऊ दे."

मी हात झटकला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"म्हंजे औषध बापाचं आन नाव लेकीचं!" दुकानदार म्हणाला, आणि पुन्हा तेच खदाखदा हसणं. आप्पा खाली मान घालून उभे होते. मला त्यांची जराही कीव आली नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी तोच तुकडा पुन्हा दिला. फवारणीचा पंप कोठीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी पुन्हा कडेच्या दोन सऱ्या सोडून पुडी घातली. त्या सऱ्या त्यांच्या डोळ्यांदेखत वाळल्या. रोज बांधावर बसून ते बघत राहिले, उठले नाहीत. आतला टोमॅटो उभा राहिला, फळांनी वाकला.

तो बघायला गावातलं एक माणूस आलं नाही.