अक्षराला चार रुपये

खडकी बाजारात उत्तरेश्वरचं रेडियमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. नंबरप्लेटा, गाडीच्या मागच्या काचेवर पोरांची नावं, डॉक्टरच्या दारावरची वेळ, अशी बारकीसारीक कामं तो रंगीत चिकट कागदातून ब्लेडने कापून करायचा. त्या चकचकीत कागदाला सगळं पुणं रेडियम म्हणतं. खरं रेडियम वेगळं असतं असं शाळेत शिकवतात, पण बाजारात त्याची चौकशी कोणी करत नाही.

मोठ्या कामाचा भाव कोणीही सांगेल. कस लागतो तो बारक्या कामाला. कागद वीतभर लागतो आणि हातभर वाया जातो. कापायला वेळ, चिकटवायला त्याहून जास्त वेळ, आणि गिऱ्हाइकाला दिसतात फक्त चार अक्षरं. ‘एवढ्याशाला सोळा रुपये? सोन्याचं आहे का हो?’ असं विचारल्याशिवाय पुण्यात पाकीट खिशातून निघत नाही. म्हणून उत्तरेश्वरने भाव सरळ ठेवला होता. अक्षराला चार रुपये. जोडाक्षर असो नाहीतर साधं, अक्षर ते अक्षर.

आणि देवाचं नाव फुकट.

हा नियम त्याच्या उस्तादाचा. तेर गावाहून तो कामाच्या शोधात सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघाला, तेव्हा पहिला मुक्काम लोणी काळभोरला पडला, बद्रीनाथ पेंटरच्या हाताखाली. बद्रीनाथ ट्रक रंगवायचा. “हात चालतोय त्याच्यामुळं, आन् त्याच्याच नावाचं पैसं मागायला लाज न्हाई वाटत?” असं तो म्हणायचा. उत्तरेश्वरने ते गाठीला बांधलं.

नियम म्हटला की त्यातून वाट काढणारे आलेच. एकदा एक व्यापारी ‘गणेश ट्रेडर्स’ घालायला आला आणि गणेशाचे पैसे वजा करा म्हणाला. “गणपती एकटे आले असते तर केले असते,” उत्तरेश्वर म्हणाला, “तुम्ही सोबत ट्रेडर्स घेऊन आलात.” बाकी त्याचं मन मोठं होतं. रिक्षावाल्यांचं सातशे शहाऐंशी फुकट, ख्रिस्ती गिऱ्हाइकाचा क्रूस फुकट, कुठल्या कुठल्या वाडीची देवी फुकट. ‘जय भीम’ला मात्र तो पैसे घ्यायचा. तो नमस्कार झाला, देव नव्हे, असा त्याचा हिशेब. त्यावर कधी कोणी काही बोललं नाही, म्हणून त्यालाही कधी काही वाटलं नाही.

या बाजारात त्याचा जम बसला तो बाबुरावांमुळे. बाबुराव दारूगोळा कारखान्यात कामगार. उत्तरेश्वरच्या हातची पहिली नंबरप्लेट त्यांच्या स्कूटरला लागली आणि मग त्यांनी कारखान्यातले निम्मे स्कूटरवाले त्याच्याकडे धाडले. पाळी सुटली की ते दुकानात येऊन टेकायचे. उत्तरेश्वरचे सोमवार, बाबुरावांचं विहार, दोघांचा वाद ठरलेला. “बुद्ध देव नाही, उत्तरेश्वर. माणूस होता, म्हणून तर मोठा,” बाबुराव सांगायचे. इतक्यांदा सांगायचे, की ते उत्तरेश्वरला पाठ झालं होतं.

दरम्यान दिवस बदलले. ज्याच्या दारात सायकल नव्हती त्याच्या दारात हप्त्यावर मोटरसायकल आली, आणि हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी कॉम्प्युटरवर रेडियम कापायचं मशीन टाकलं. तिथे कमीत कमी पन्नास रुपयांचं काम घ्यायचे. एका नावासाठी मशीन सुरू करणं परवडत नाही म्हणायचे. त्यामुळे एका नावाची गिऱ्हाइकं उत्तरेश्वरकडेच राहिली.

बाबुरावांचा मुलगा सुदर्शन हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि त्याने छोटी पांढरी मोटार घेतली. घराण्यातली पहिली. गाडी घरी नेण्याआधी बापलेक ती घेऊन दुकानासमोर आले. मागच्या काचेवर ‘नमो बुद्धाय’ घालायचं होतं. उत्तरेश्वरने निळा कागद काढला आणि जीव ओतून काम केलं. मधेच एक टेम्पोवाला ‘जय मल्हार’ लावून घेऊन गेला, रिवाजाप्रमाणे फुकट. मग साबणाचं पाणी मारून त्याने ती पाच अक्षरं काचेवर बसवली. बाबुराव दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“काका, किती झाले?” सुदर्शनने विचारलं.

उत्तरेश्वरने मनात हिशेब केला. बुद्ध देव नाही, हे त्याला पाठ होतं. फुकट म्हटलं तर बाबुरावांच्या तत्त्वाचा अपमान. आपण त्यांचं म्हणणं किती ध्यानात ठेवलंय हे त्यांना कळू दे, अशा भाबड्या खुशीत तो म्हणाला, “पाच अक्षरं. वीस रुपये.”

सुदर्शनने टेम्पो गेला त्या दिशेला एकदा पाहिलं. मग पन्नासची नोट ठेवली आणि उरलेले न घेता गाडीत जाऊन बसला. बाबुराव त्याच्या मागून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. आठवडा गेला तेव्हा उत्तरेश्वरने बायकोला, चंपाला, सगळं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला. “अहो, अक्कल काय गहाण ठेवली होती का? साऱ्या जगाला फुकट, आन् बाबुरावांच्या पोराला बिल?”

उत्तरेश्वर पन्नासची नोट घेऊन त्यांच्या घरी गेला. बाबुरावांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, नोटेला हात लावला नाही.

“बाबुराव, तुम्हीच म्हणत होता, देव नाही म्हणून...”

“आजही म्हणतो,” बाबुराव म्हणाले. “देव नाही म्हणालो. तुझ्या दारात तो सगळ्यांच्या मागे उभा राहील, असं नव्हतं म्हणालो. मल्हारी फुकट, क्रूस फुकट, आणि आमची माणसं इतकी वर्षं मुकाट पैसे मोजून जातायत. मी रोज तिथे बसून हे बघत होतो आणि बोलत नव्हतो. आता पोराने बघितलं. ही नोट परत घेतली तर मी तुझ्या उपकारात, नाही घेतली तर तुझ्या हिशेबात. मला दोन्ही नको.”

उत्तरेश्वर परत आला तो चूर होऊन. इतका शरमिंदा तो आयुष्यात कधी झाला नव्हता. रात्रभर विचार करून त्याने उस्तादाचा नियम मोडला. सकाळपासून सगळ्यांना एकच भाव, अक्षराला चार रुपये, देव असो की माणूस.

बाजारात बोंब झाली. खंडोबाला पैसे? एकवीरेला पैसे? जो तो विचारायचा, आणि उत्तरेश्वर खाली मान घालून सांगायचा, “काय करणार, बाबुरावांना वाईट वाटलं.” त्याला वाटायचं, यात बाबुरावांचा मानच आहे.

चंपा एक दिवस भाजी आणायला गेली ती संतापून परतली. मंडईत बाया बोलत होत्या, त्या बाबुरावाने म्हणे देवाला पैसे लावले. “नियम तुमचा, चूक तुमची, आन् नाव त्यांचं?” तिने पिशवी आपटली. “आधी पोराला दुखवलं, आता बापाला साऱ्या बाजाराच्या तोंडी दिलं.”

हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चांगलं करायला गेला आणि होत्याचं नव्हतं करून बसला.

दोन दिवसांनी मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय चार पोरं घेऊन आला. गणपतीच्या वर्गणीच्या डब्यांवर मंडळाचं नाव दरवर्षी उत्तरेश्वर फुकट घालायचा. यंदाचा भाव ऐकून दिग्विजय आवाज चढवून म्हणाला, “कोणाच्या सांगण्यावरून चाललंय हे, आम्हाला माहीत आहे.”

उत्तरेश्वर उठून उभा राहिला. “कोणाच्याही नाही. बाबुराव एका शब्दाने बोलले नाहीत की पैसे घे म्हणून. कोणाचं नाव फुकट आणि कोणाचं विकत, हे इतकी वर्षं मीच ठरवत बसलो होतो. चार रुपयाचा रेडियमवाला! माझं चुकलं. पटत असेल तर डबे ठेवा.”

डबे तिथे राहिले नाहीत. ते मशीनवाल्याकडे गेले, आणि तिथे गणपतीलाही पन्नास रुपये पडतात हे मंडळाला कळलं. बरीचशी गिऱ्हाइकं कुरकुरत परत आली, काही आलीच नाहीत. उत्तरेश्वरने त्यांची वाट पाहिली नाही. ज्याची पाहत होता, तो माणूस समोरच्या फुटपाथवरून जायचा आणि इकडे बघायचाही नाही.

गणपती होऊन गेले, दसरा गेला. एका संध्याकाळी दुकानात तीनचार गिऱ्हाइकं ताटकळत असताना दारात जुनी स्कूटर थांबली. बाबुराव उतरले, रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर म्हणाले, “स्कूटरच्या पुढच्या काचेवर ‘बुद्धं सरणं गच्छामि’ घालायचं. किती?”

“आठ अक्षरं,” उत्तरेश्वरने बोटांवर मोजलं, “बत्तीस रुपये.”

“तीस कर.”

दोन रुपये! स्कूटरसकट दुकान ओवाळून टाकावं असं उत्तरेश्वरला वाटलं. पण बाबुरावांच्या मागे तो ‘जय मल्हार’वाला टेम्पोवाला उभा होता आणि कान देऊन ऐकत होता.

“नाही जमणार, बाबुराव,” तो म्हणाला. “बत्तीसच.”

बाबुरावांनी बत्तीस रुपये फळीवर ठेवले आणि मागे वळून टेम्पोवाल्याला म्हणाले, “बघितलंस? आमच्या घरच्या माणसाचं दुकान आहे, पण दोन रुपये सोडत नाही.”

उत्तरेश्वरला समोरचा कागद दिसेना. डोळे पुसून त्याने ब्लेड हातात घेतलं आणि पहिलं अक्षर कापायला सुरुवात केली.