सोशिक माणसाची साक्ष

मुकादम खिळ्यांचे बूट घालून आमच्या मिठागरात उतरला. तळाची ओली माती आम्ही चोपून नुकतीच गुळगुळीत केली होती. अशा तळावर अनवाणीच उतरायचं, नाहीतर मीठ मातकट निघतं. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो आरपार चालत गेला आणि वळून म्हणाला, "ही भोकं कुणी पाडली रं?"

"बूट तुझा हाय. आमच्या पायात काय न्हाय," धर्मा म्हणाला. धर्मा माझ्या बायकोचा भाऊ.

"मग बोलव तुझ्या बहिणीला. चोपून घ्यायची सवय हाय तिला."

मी मान खाली घातली. मुकादम हसला. "बघ, नवरा गप्प हाय. तुला काय झोंबलं?"

धर्माने हातातलं माती चोपायचं लाकडी चोपणं फेकलं. ते मुकादमाच्या खांद्याला लागलं. मुकादमाच्या चौघा माणसांनी धर्माला खांबाला बांधून मारलं.

शिवी एकच होती. जिच्यावरून दिली, ती धर्मापेक्षा मला जवळची. त्याचा हात उठला, माझे दात एकमेकांवर घासले. दोघांचे स्वभाव मुकादमाने बैल पारखावेत तसे पारखले होते. एकाला डिवचायचं, दुसऱ्याला वापरायचं.

मिठागराचे मालक शेठ आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू चांगला माणूस. सोशिक. धर्माला न्यायला फौजदार येतोय, त्याला सांग, मुकादम काही बोलला नव्हता."

भाईंदरच्या त्या बांधावर झोपडी शेठची, प्यायचं पाणी शेठच्या होडीतून येणारं. भोवती खाडी. बायको दारात उभी होती.

शेठचा हात पाठीवरच होता. मुकादमाच्या शिवीने झालं नव्हतं ते त्या शाबासकीने झालं. माझ्या गप्प बसण्याला ते आपला माल समजत होते.

फौजदाराला मी आवाज न चढवता सांगितलं, "मुकादम बूट घालून चोपलेल्या तळावर चालला. माझ्या बायकोवरून घाण बोलला. मग धर्माने चोपणं फेकलं. तेही खरं आहे."

"तू पण उलटलास?" शेठ म्हणाले.

"नाही. झालं ते सांगितलं."

संध्याकाळी आमची भांडी बांधावर फेकली गेली. फौजदाराने धर्माला तरीही नेलंच.

धर्माचा राग पेटतो आणि विझतो. माझा विझत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझा हात आजही उठत नाही, उठणारही नाही. पण माझ्या गप्प बसण्यावर कुणी आपलं खोटं उभं करू पाहील, तर मी बोलेन. डोक्यावरचं छप्पर गेलं तरी.