पाण्याशिवाय कटर लागणार नाही : महादेवीअक्कांची साठी

इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमधली नोकरी मी सोडली ती कापसाच्या तंतूंमुळे. पाळी संपवून बाहेर आलो की भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. मोकळ्या हवेतले काही काम मिळाले तर बरे, असे मी चार लोकांना सांगून ठेवले होते. तेव्हा माझा मित्र दत्ता म्हणाला, "पुलाचं काम हाय. येतोस काय?" मला वाटले, पंचगंगेवर कुठे नवा पूल होतोय. दत्ताने मला नेले ते कोल्हापूरच्या बाहेरच्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात. तिथे निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या चारी बाजूंनी खचलेले, तडे गेलेले काँक्रीट. पोहून वर आलेली माणसे ओल्या पायांनी ज्यावरून चालतात त्या काँक्रीटच्या पट्ट्याला आमच्या धंद्यात डेक म्हणतात. जुना डेक फोडायचा, खालचा भराव दाबून घ्यायचा आणि नवा ओतायचा, असे ते काम.

त्या अंगणात एक बाई नाकावर पदराचे टोक धरून फोडलेल्या काँक्रीटचा चुरा खराट्याने गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खराटा टेकवून ठेवला आणि विचारले, "जेवलास काय?" नाव आणि गाव त्यांनी नंतर विचारले. महादेवीअक्का नेर्ली यांची माझी ओळख झाली ती अशी.

कामाचे ठेकेदार होते त्यांचे यजमान, मल्लाप्पा अण्णा. घर गडहिंग्लजकडचे, लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी. पहिल्याच दिवशी अक्कांनी मला तम्मा म्हटले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी बौद्ध घरातला. आमचे डबे त्या दुपारी एकत्र उघडले गेले आणि पुढे कायम एकत्रच उघडत राहिले. या गोष्टीचा अक्कांनी कधी उच्चारही केला नाही, म्हणून मी तो इथे करतो आहे.

अण्णांचा हात फार चांगला होता. डेकचा उतार तलावाच्या उलट बाजूला काढायचा, म्हणजे अंगणातला चिखल पाण्यात येत नाही. वरचा थर ओला असताना त्यावर झाडूने बारीक रेघा ओढायच्या, म्हणजे लहान मुलांचे पाय घसरत नाहीत. या रेघा अण्णा स्वतः ओढत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. काँक्रीट घट्ट झाले की कटरने सरळ फटी कापायच्या. जुना डेक काढतानाही आधी कटर, मग ब्रेकर. दत्ता आणि मी कटर आळीपाळीने चालवत असू. ब्लेड फिरू लागले की पांढरा लोट उठे आणि शेजारी उभा असलेला माणूस दिसेनासा होई. ब्लेडवर पाणी सोडले तर धूळ बसते हे आम्हाला ठाऊक होते. पण मग गढूळ पाणी तलावात उतरते आणि मालक ओरडतात. म्हणून सगळे कोरडेच कापत होते, आम्हीही कोरडेच कापत होतो. भेटलेला माणूस म्हणायचा, "मजा हाय की तुमची, पाण्याकाठचं काम!"

अण्णांना खोकला लागला. एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे दिली, ती पूर्ण झाली. दुसऱ्यांनी पुन्हा तीच सुरू केली. वजन उतरत गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा मी आणि अक्का दोघेही सोबत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारले, "खाणीत कामाला होता का?"

"न्हाय, स्विमिंग टँकचं काम," अण्णा म्हणाले.

"टँकचं म्हणजे नक्की काय करता?"

अण्णा सांगत गेले. कापण्याचे आणि फोडण्याचे आल्यावर बाईंनी फोटो खाली ठेवला. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे, तिने आतला भाग कडक झाला आहे आणि तो पुन्हा मऊ होत नाही, असे त्यांनी सावकाश सांगितले. अक्कांनी एकच प्रश्न विचारला, "ह्यांच्याबरोबर जे हाईत, त्यांचं काय?" बाईंनी माझ्याकडे पाहिले.

अण्णांना शेवटी शेवटी आडवे होता येत नव्हते. उशी मांडीवर घेऊन, तिच्यावर हात टेकून ते दिवसरात्र बसून असत, आणि तसेच बसल्या बसल्या गेले. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. माती देऊन परत येताना अक्का मला म्हणाल्या, "तम्मा, त्यांना वेगळं बसवावं लागलं न्हाय रे."

सगळ्यांना वाटले, धंदा बंद होणार. अक्कांनी आमच्या टोळीला घरी बोलावले. "धंदा मी चालवणार. पण पाण्याशिवाय कटर लागणार न्हाय. ज्याला पटत न्हाय त्यानं आत्ताच जावं," एवढेच त्यांचे भाषण. त्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना दवाखान्यात नेऊन छातीचे फोटो काढायला लावले. दत्ताच्या आणि माझ्या छातीत डाग निघाले. दत्ताच्या जास्त.

नियम पाळणे किती जड गेले ते मी पाहिले आहे. लोक म्हणत, दुसरा ठेकेदार स्वच्छ काम करतो, तुमच्यात नुसता राडा. आलेली कामे परत जात. एका फाऊंड्रीवाल्या साहेबांच्या बंगल्यावर आम्ही तलावावर ताडपत्री ताणून, काठाने वाळूची पोती रचून काम सुरू केले होते. तरी थोडे पांढरे पाणी आत गेलेच. साहेब तावातावाने बाहेर आले. "बंद करा ते पाणी! माझ्या फरशीचा सत्यानाश करताय!"

अक्कांनी कटर थांबवायला सांगितले. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमच्या फाऊंड्रीत वाळूचं काम करणारी मान्सं किती वर्षं टिकतात?"

साहेबांनी दत्ताकडे पाहिले. दत्ता पोत्यावर बसून श्वास गोळा करत होता. मग ते म्हणाले, "करा तुम्हाला पाहिजे तसं," आणि आत गेले. तो डेक आम्ही पूर्ण केला. साहेबांनी मात्र आम्हाला पुन्हा कधी बोलावले नाही. अक्कांचा विजय झाला असे लिहायला मला आवडले असते, पण त्या बंगल्यावरचे पुढचे काम कोरडे कापणाऱ्यालाच मिळाले.

दत्ताला जड काम होईना, तेव्हा अक्कांनी त्याला नव्या डेकवर पाणी मारायला ठेवले. पाइप धरून तो सावलीत बसे. पाइप धरणेही जमेना, तेव्हा तो घरी राहिला. अक्का कामावरून परस्पर त्याच्याकडे जात, त्याच्या पाठीला तेल लावून चोळत. आईच्या मायेने, असे म्हणण्याची रीत आहे. मी पाहिले ते असे, की चोळताना त्या दत्ताच्या तोंडाकडे बघत नसत, आणि हात थांबवतही नसत.

दत्ता गेला त्या दिवशी आमचे काँक्रीट चालू होते. रेडीमिक्सची गाडी फाटकात उभी, अर्धा डेक ओतून झालेला, आणि फोन आला. कुणीतरी म्हणाले, "अक्का, बंद करूया."

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आवाज नीट होता. "अर्धा टाकून सोडला तर सांधा धरणार न्हाय. मग हे सगळं फोडायला लागंल. फोडायचं म्हटलं की परत धूळ. ओता."

आम्ही ओतले. शेवटच्या रेघा अक्कांनी स्वतः ओढल्या. स्मशानात पोहोचलो तेव्हा चिता पेटली होती. पायाला सिमेंट लागलेले, तशाच अक्का दत्ताच्या घरी गेल्या. दारात दत्ताची बायको, सुमनवहिनी, बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याच कामानं खाल्लं त्यानला. आनि आज बी तुमास्नी कामच मोठं वाटलं व्हय?"

अक्कांनी हात जोडले नाहीत, खुलासा केला नाही. उंबऱ्याच्या बाहेर जमिनीवर बसल्या आणि वहिनी बोलत होत्या तोवर ऐकत राहिल्या. मी समजावायला पुढे झालो तर मला हाताने मागे सारले. नंतर रस्त्यात म्हणाल्या, "तिला माझ्यावर तरी ओरडू दे. दुसरं कोन हाय तिच्या हाताशी?"

सुमनवहिनी आजही अक्कांशी बोलत नाहीत. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचे सगळे अक्काच पाहतात. मुलगी घेते, आई तोंड फिरवते. हा मजकूर अक्कांच्या साठीच्या गौरवग्रंथात शोभेल की नाही, असा संकोच मला होता. अक्कांना विचारले तर म्हणाल्या, "माझा गौरव कसला करताय? लिहिनारच असशील तर दत्ताचं लिही, आनि सुमन काय बोलली ते बी लिही. तिचं खरं हाय."

आता या लेखामागची हकिकत. साठीच्या समारंभाची बोलणी सुरू झाली तेव्हा आमच्या लक्षात आले की अक्कांनी सगळ्यांचे छातीचे फोटो काढले, स्वतःचा कधी काढलाच नाही. इतकी वर्षे त्या धुळीत खराटा घेऊन वावरलेल्या बाई! मी विषय काढला तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?"

"अण्णासुद्धा असंच म्हणायचे," मी म्हणालो.

त्या चपला घालून निघाल्या. दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या, आता केस पिकलेले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे तुमची."

मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या आणि अण्णा गेले तेव्हाही ज्या मोठ्याने रडल्या नव्हत्या त्या हुंदके देऊन रडू लागल्या. "तम्मा, ते गेले, दत्ता गेला, तुझं असं झालं. मीच काय म्हनून ऱ्हायले?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. जिना चढताना मला दोनदा थांबावे लागते, आणि हा लेखही मी थांबत थांबतच लिहिला आहे. कटर मी कधीच सोडला. मापे घेणे आणि माल मागवणे एवढे अक्कांनी माझ्याकडे ठेवले आहे. आमच्या टोळीत आता नवी पोरे आहेत. अक्का समोर उभ्या असल्याशिवाय ती अजूनही पाणी सोडायला विसरतात, ही खरी गोष्ट आहे.

म्हणून, अक्का, त्या बाकावर द्यायचे राहिलेले उत्तर आज सगळ्यांसमोर देतो. तुम्ही का राहिलात ते मला माहीत नाही. पण तुम्ही राहिलात याचा मला आनंद आहे, आणि त्या आनंदाची तुम्ही लाज बाळगू नका. ती स्वच्छ छाती तुमचीच आहे. सकाळी अंगणात उभ्या राहून ती भरून घेत जा. आमच्या आठवणीने तो श्वास अर्ध्यावर सोडू नका. तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, आणि ते खोकल्याशिवाय जावो.

तुमचा तम्मा,
सुनील