जमिलाभाभीच्या नळाचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आमच्या ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण माझी समजूत काढू नका. डोकं फिरतं माझं.

मंगळवार पेठेत आमचं घर, आणि भिंतीला भिंत लागून जमिलाभाभीचं. ती कपडे शिवून घर चालवायची. सासू अंथरुणाला खिळलेली. पाणी यायचं सकाळी तासभर. दोन्ही नळ एकाच पाइपवर — आमचा आधी, तिचा पुढं. आम्ही नळाला चोरून मोटर लावली होती. बेकायदा, हो! पण ती इतकी झिजलेली, की तिच्यात ओढायचा दमच नव्हता. म्हणून तर भाभीलाही पाणी मिळायचं. ऐंशी सालाच्या सुमाराला ती जुनी मोटर कायमची बंद पडली आणि ह्यांनी दुप्पट ताकदीची नवी आणून बसवली. वरची टाकी वीस मिनिटांत भरली, मग पिंपं, हंडे — पाणी जाईपर्यंत मोटर चालूच. मी खूश!

त्याच दिवशी भाभीचा नळ कोरडा पडला. मला कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं. मोटरचा आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून मी रेडिओ मोठा करत होते, यावरून काय ते समजा.

आठवड्यानं ती दारात आली. "वैनी, माझ्या नळाला काय झालंय वो? थेंब न्हाय."

तेव्हा बोलता आलं असतं. नुसती मोटर अर्धा तास उशिरा लावली असती तरी — पण मी काय म्हणाले? "पाइप गंजला असंल. खणून बघा की."

आणि तिनं खणला! स्वयंपाकघरातली फरशी फोडून नवा पाइप घातला. पाणी आलं नाही. मला माझा संताप येतो, आणि खरं सांगू? — तिचाही येतो. एकदा तरी भिंतीला कान लावायचा होता, माझ्या झिंज्या धरायच्या होत्या! नाही. तिनं विश्वास ठेवला. सासूची घाण झालेली अंथरुणं धुवायला लांबच्या विहिरीवरून घागरी आणायला लागली. गुडघे सुजले तिचे.

मग मी तिला रोज दोन घागरी द्यायला लागले. आमच्या टाकीतल्या. म्हणजे तिच्याच.

एकदा गल्लीतल्या बायकांपुढं तिनं माझा हात धरला. "ह्या वैनी हायत म्हणून माझी म्हातारी सुक्यात झोपती."

सगळ्या माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी हात सोडवला नाही. "शेजारधर्म हाय की वो," असं मी म्हणाले.

ती मोटर पुढं सात वर्षं चालली.