बेकरीवाल्याचं काय झालं?

काल शुक्रवार होता. शुक्रवार म्हटलं की हल्ली मला धास्तीच वाटते… सांगलीतल्या आमच्या शाळेत नववीचा शेवटचा तास मी 'जगाचा इतिहास, काहीही विचारा' म्हणून ठेवलाय. ही अवदसा मलाच आठवली, कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पोरं खरंच काहीही विचारतात. टायटॅनिकवर कुत्री होती का, पिरॅमिड बांधणाऱ्यांना रविवारची सुट्टी असायची का, हिटलरला पोहता येत होतं का… बावीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण हिटलरच्या पोहण्याबद्दल मला काडीचीही माहिती नाही!

त्यात यास्मीन. तिसऱ्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. फ्रेंच राज्यक्रांती शिकवली तेव्हापासून सलग तीन शुक्रवार तिचा एकच प्रश्न. "सर, पॅरिसात पाव मिळंना झाला, तवा बेकरीवाल्यांचं काय झालं?"

पहिल्यांदा मी राजाचं सांगितलं. दुसऱ्यांदा दुष्काळ, करांचं ओझं वगैरे. तिसऱ्यांदा मात्र डोकंच सटकलं… "अगं, बेकरीवाला अभ्यासक्रमात नाही, बस खाली!" वर्ग खो-खो हसला. तिच्या वडिलांची बेकरी आहे हे पोरांना माहीत होतं, मला नव्हतं.

काल चौथ्यांदा हात वर! मी खडू टेबलावर आपटला. तुला नेमकं हवंय तरी काय, म्हटलं.

ती उभी राहिली. "सर, लोकांनी त्येलाच धरलं आसंल न्हवं? पीठच आलं न्हाई, ह्ये कुणाला दिसतंय? दुकानात त्योच दिसतो." मग म्हणाली, "पुरात आमच्या अब्बांना लोक चोर म्हटले. मागच्या खोलीत पाणी शिरून पिठाची सगळी पोती भिजली हुती, सर. तवापासनं अब्बा गल्ल्यावर बसत न्हाईत. अम्मी बसती."

बेकरी कुठं, विचारलं. स्टँडच्या मागं, म्हणाली… ती बेकरी मला चांगली ठाऊक होती.

पुरात तिच्यासमोर लागलेल्या रांगेत मी होतो. घरात आजारी आई, दूध नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. दोन तास चिखलात उभा राहिलो आणि शटर खाली यायला लागलं तेव्हा मीच ओरडलो होतो, "आत माल दाबून ठेवलाय ह्यानं!" मास्तरचा आवाज, रांगेच्या टोकापर्यंत पोचला. मग सगळ्यांनीच तेच धरलं.

मी आधी तिला उत्तर दिलं. हो, लोकांनी बेकरीवाल्यांनाच धरलं. पॅरिसमध्ये एकाला तर माल दडवल्याच्या संशयावरून जिवानिशी मारलं. हे मला पहिल्या शुक्रवारीही माहीत होतं… सांगायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

मग सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "यास्मीन, त्या दिवशी तुझ्या अब्बांवर पहिल्यांदा ओरडणारा माणूस मीच."

वाटलं, आता ही रडणार. ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक हाय, सर. मी गल्ल्यामागंच हुते… म्हणून तर तुमालाच इचारलं."

आज सकाळी बेकरीवर गेलो. गल्ल्यावर तिची आईच होती. तिच्या अब्बांना भट्टीवरून बाहेर बोलावलं आणि खारी-बटरसाठी थांबलेल्या लोकांसमोर, त्याच मोठ्या आवाजात, त्यांची माफी मागितली. त्यांनी हाताचं पीठ पुसलं, मान हलवली आणि ते परत भट्टीकडे गेले. गल्ल्यावर काही ते बसले नाहीत, एका माफीनं तेवढं होत नसावं.

यास्मीन, तीन वेळा मी तुला खाली बसवलं. तरी चौथ्यांदा हात वर केलास, पोरी… तुझे आभार.